किल्लीच्या गालावरची खळी

कवीला किल्ली या विषयावर बोलायला बोलावलं म्हणजे आता हा मनाचं कुलूप, हृदयाचं दार असं काहीबाही सुरू करणार, अशी धास्ती काहींना वाटली असेल. ती काढून टाका. मी बोलणार आहे ते खऱ्याखुऱ्या कुलपाविषयी आणि खिशात खुळखुळणाऱ्या किल्लीविषयी. आमच्या घरात तिला चाबी म्हणत, शाळेत ती किल्ली झाली आणि बाजारात चावी. तिन्ही नावांनी ती हरवतेच.

किल्ली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दाते येतात. पण गेल्या काही वर्षांत नव्या इमारतींच्या दारांना एक वेगळीच किल्ली आली आहे. ती सपाट पट्टीसारखी असते. तिच्या कडांना दाते नसतात, त्याऐवजी दोन्ही अंगांवर उथळ-खोल खळगे असतात. उलटी घाला, सुलटी घाला, ती चालते. इंग्रजीत तिला ‘डिंपल की’ म्हणतात. डिंपल म्हणजे गालावरची खळी. हे नाव ज्याला सुचलं त्याच्यात एखादा कवी दडलेला असावा. आपल्या बाजारात मात्र तिचं नाव पडलं ‘कॉम्प्युटर चावी’. तिच्यात कॉम्प्युटर नाही, सेल नाही, तार नाही. सगळा कारभार पितळ, पोलाद आणि स्प्रिंगांचा. तरी नाव टिकलं, कारण ते ऐकलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं.

या किल्लीचं कुलूप किल्लीवाचून उघडणं हे फार अवघड काम समजलं जातं. ते अवघड का, ते कोण करतं आणि ते करणाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेनं पाहावं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आधी कुलपाच्या पोटात काय असतं ते पाहू. दाराच्या लॅचमध्ये एक नळकांडं असतं आणि त्याच्या आत फिरणारा एक गाभा. किल्ली गाभ्यात जाते. गाभा फिरला की दार उघडतं. तो उगाच फिरू नये म्हणून नळकांड्यातून गाभ्यात पाच-सहा बारीक खुंट्या उतरलेल्या असतात. कारागीर त्यांना पिना म्हणतात. प्रत्येक पीन दोन तुकड्यांची आणि तिच्या डोक्यावर स्प्रिंग. किल्ली आत गेली की तिचे दाते प्रत्येक पिनेला नेमक्या उंचीवर नेतात. दोन तुकड्यांमधली सांध गाभ्याच्या काठाशी जुळली की अडसर दूर होतो. एक पीन जरी केसभर वर-खाली राहिली तरी गाभा जागचा हलत नाही. प्राचीन इजिप्तमधली लाकडी कुलपं याच तत्त्वावर चालत. अमेरिकेत धाकट्या लायनस येल यांनी १८६० च्या दशकात ते तत्त्व खिशात मावणाऱ्या लहान, चपट्या किल्लीत आणलं. आज जगभरातली असंख्य दारं त्याच वंशातल्या कुलपांनी बंद होतात.

आता थोडं गणित. दहा पिना आहेत आणि प्रत्येकीच्या चार उंच्या शक्य आहेत असं धरा. वेगवेगळ्या किल्ल्या किती होतील? १० लाख ४८ हजार ५७६. मिनिटाला एक या वेगानं रात्रंदिवस किल्ल्या लावत बसलं तरी जवळजवळ दोन वर्षं जातील. मग तारेनं कुलूप उघडणारा माणूस ते काही मिनिटांत कसा उघडतो?

तो दहा लाख किल्ल्यांच्या वाटेला जातच नाही. कुलपातली भोकं यंत्रानं पाडलेली असली तरी ती तंतोतंत एका रेषेत नसतात. एखादं केसाच्या कितव्या तरी हिश्शानं बाजूला सरकलेलं असतं. त्यामुळे गाभ्याला वळवायचा हलकासा ताण दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत. आधी एकच अडते. तिला हळूच उचललं की ती आपल्या जागी बसते, बोटांना बारीकशी ‘टिक’ जाणवते, गाभा किंचित सरकतो आणि मग दुसरी अडते. म्हणजे दहा लाखांचं एक कोडं सुटं होऊन दहा लहान कोडी होतात. घडवताना कुलपात राहून गेलेली चूक हा माणूस बोटांनी वाचत असतो.

हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, माझ्या मामूंनी शिकवलं. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडबाहेर लिंबाच्या झाडाखाली त्यांची लोखंडी पेटी असे. पेटीवर कानशी, पक्कड, दोरीत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांचे झुबके. शिवाय एका चामड्याच्या गुंडाळीत छत्रीच्या काड्या आणि करवतीच्या पात्याचे तुकडे घासून केलेली हत्यारं. लहानपणी मी एकदा त्यांच्या हातातलं कुलूप घेऊन तार जोरात फिरवू लागलो, तेव्हा ते म्हणाले, ‘जोर मत लगा, बेटा. उसको पूछ.’ जोर लावू नकोस, कुलपाला विचार.

खळीदार किल्लीनं हे विचारणंच अवघड करून ठेवलं.

ही किल्ली आली स्वित्झर्लंडमधून. फ्रान्झ बाउअर यांनी १८६२ साली झुरिकमध्ये तिजोऱ्यांचा कारखाना काढला. पुढे ‘काबा’ या नावानं प्रसिद्ध झालेल्या त्या कारखान्यातल्या फ्रिट्झ शोरी यांनी १९३४ साली दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या, खळग्यांच्या किल्लीचं कुलूप तयार केलं. त्यामागचा विचार साधा होता. किल्लीच्या कडेवर जागा थोडी, पाच-सहा दाते पाडले की संपली. सपाट अंगावर मात्र जागा पुष्कळ. तिथं खळग्यांच्या दोन-तीन ओळी पाडता येतात आणि पिना वेगवेगळ्या दिशांनी येऊन किल्लीवर टेकवता येतात.

आता उघडणाऱ्याच्या बाजूनं पाहा. साध्या कुलपात तार आत घालून पीन वर उचलायची असते. इथं पिना किल्लीच्या सपाट अंगावर टेकणाऱ्या, त्यामुळे उचलायला वावच नाही. टोकाला इवलंसं पातं असलेलं हत्यार आत सरकवून चिमटीत फिरवावं लागतं, तेव्हा कुठं ते पिनेला ढकलतं. फट आधीच अरुंद, त्यात ताण देणारी पट्टीही तिथूनच घालायची. खळगे उथळ असल्यानं पिनेचा प्रवास फार थोडा, म्हणजे जरा जास्त ढकललं की ती जागा ओलांडून जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शिवाय चांगल्या कुलपांमध्ये काही पिना मुद्दाम फसव्या केलेल्या असतात. दोऱ्याच्या रिळासारख्या, मधे बारीक आणि टोकांना जाड. अशी पीन अर्धवट जागेवर आली की गाभा थोडा फिरतो, उघडलंच असं वाटतं आणि तिथंच तो अडकतो. पुढे जायचं तर हातातला ताण सैल करावा लागतो आणि सैल केला की आधी बसवलेल्या पिना खाली पडायची भीती. मिळालेलं थोडं सोडल्याशिवाय पुढचं मिळत नाही, असा हा मामला.

इस्रायलमध्ये १९७३ साली स्थापन झालेल्या मल्टीलॉक कंपनीची कुलपं याहून एक पाऊल पुढे गेली. तिथं पिनेच्या पोटात दुसरी पीन असते. बाहेरची वेगळ्या उंचीवर बसवायची, आतली वेगळ्या. एकीची समजूत काढावी तोवर दुसरी रुसते. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको.

मामूंची आणि या कुलपाची गाठ १९९० च्या दशकाच्या अखेरीस पडली. गावातल्या एका निवृत्त गुरुजींच्या दाराला त्यांच्या मुलानं दुबईहून आणलेलं कुलूप होतं. गुरुजी आणि बाई लग्नाहून रात्री परत आले तर किल्ली हरवलेली. गुरुजींची औषधं घरात. मामू आले आणि बॅटरीच्या उजेडात तीन तास बसून राहिले. भोवती जमलेल्या मंडळींपैकी प्रत्येकाला कुलपातलं कळत होतं, फक्त मामूंना कळत नव्हतं, असा एकंदर सूर. शेवटी त्यांनी हत्यारं गुंडाळली, हात पुसले आणि म्हणाले, ‘गुरुजी, हे माझ्यानं उघडत नाही. सुताराला बोलवा.’ सुतारानं ड्रिलनं कुलूप फोडलं. मामूंनी पैसे घेतले नाहीत. ते फुटकं कुलूप तेवढं मागून घेतलं.

मग रोज रात्री जेवण झालं की मामू वर्तमानपत्र पसरून ते कुलूप सुटं करत. फुटलेला भाग त्यांनी घासून दुरुस्त केला. आधी एकच पीन घालून उघडलं, मग दोन, मग तीन. प्रत्येक पीन वाढली की कुलूप पुन्हा नवं. सहा-सात महिन्यांनी एका रात्री सगळ्या पिना घातलेलं ते कुलूप त्यांच्या हातात फिरलं. मामीला म्हणाले, ‘चाय रख.’ एवढाच समारंभ. दुसऱ्या दिवशी गुरुजींकडे जाऊन मात्र सांगून आले, ‘तुमचं कुलूप उघडतं, गुरुजी. पण सहा महिने लागतात. तेच परत बसवायला हरकत नाही.’

मला यातला शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. उघडता येऊ लागल्यावर मामू आधी कुलपाच्या मालकाकडे गेले.

पण उघडता येणाऱ्याकडे जग असं पाहत नाही. आसपास घरफोडी झाली की दुसऱ्या दिवशी मामूंना चौकीवर बोलावणं येई. ‘तुला उघडता येतं ना?’ हाच त्यांच्यावरचा आरोप आणि हाच पुरावा. मामू न चिडता जात. जाताना बरोबर एक दोनशेपानी वही नेत. उघडलेल्या प्रत्येक कुलपाची तारीख, मालकाचं नाव, पत्ता, सही किंवा अंगठा आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या तिच्यात असत. शेजारी येऊन उभे राहिल्याशिवाय ते परक्या दाराला हात लावत नसत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. अशा बारा वह्या त्यांच्यामागे राहिल्या. प्रत्येक पानावर एकेका घरानं त्यांच्यावर टाकलेला भरवसा नोंदलेला आहे.

उघडणाऱ्याविषयीचा हा संशय फार जुना आहे आणि त्याला मिळालेलं उत्तरही जुनं आहे. लंडनच्या पिकॅडिली भागात जोसेफ ब्रॅमा यांचं कुलपांचं दुकान होतं. १७९० साली त्यांनी दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलं आणि ते उघडणारं हत्यार करून दाखवणाऱ्याला २०० गिनी जाहीर केल्या. साठ वर्षं कुणाला ते जमलं नाही. १८५१ साली लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा अमेरिकेहून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा कुलूपकार आला. त्यानं आधी त्या काळी अभेद्य समजलं जाणारं चब कंपनीचं कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडून दाखवलं. मग ब्रॅमांच्या कुलपाला बसला. १६ दिवसांत मिळून ५१ तास काम केलं आणि तेही उघडलं. पंचांनी कौल दिला, २०० गिनी हॉब्जला मिळाल्या. लंडनच्या विज्ञान संग्रहालयात ते कुलूप आजही आहे.

तेव्हा इंग्लंडात मोठा गहजब झाला. हे असं उघड करणं म्हणजे चोरांना शिकवणं नव्हे का, असा प्रश्न वर्तमानपत्रांतून विचारला गेला. हॉब्जच्या बाजूचं म्हणणं असं की, चोर आपल्या धंद्यात हुशारच असतो, त्याला जे ठाऊक आहे ते साध्या घरमालकाला ठाऊक नसतं. झाकून ठेवल्यानं नुकसान होतं ते मालकाचं. त्या गहजबाचा फायदा कुणाला झाला? कुलूप वापरणाऱ्यांना. कारण कारखानदारांना आपली कुलपं सुधारणं भाग पडलं.

हाच प्रकार आपल्या काळात पुन्हा घडला आणि या वेळी त्यात खळीदार किल्लीची कुलपंही सापडली. नेदरलँड्समध्ये ‘टूल’ नावाची कुलूप उघडणाऱ्या हौशी मंडळींची संघटना आहे. तिच्यातले बॅरी वेल्स आणि रॉप खोंग्रैप यांनी २००५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता ठोक्यानं कुलूप उघडण्याचा. कॅरममध्ये एकमेकींना चिकटलेल्या दोन सोंगट्यांपैकी अलीकडच्या सोंगटीवर स्ट्रायकर बसला की पलीकडची उडते, पाहा. तसंच विशेष घासलेल्या किल्लीला ठोका दिला की खालची पीन जागेवर राहते, वरची क्षणभर उडते आणि तेवढ्यात गाभा फिरू शकतो. गंमत अशी की, महागड्या, नेमक्या मापात घडवलेल्या कुलपांवर हा उपाय काही वेळा स्वस्त कुलपांपेक्षा चांगला चालतो, कारण त्यांच्यात पिना अगदी सुरळीत हलतात. ज्या नेमकेपणामुळे तारेचं काम अवघड झालं होतं, त्यानंच ठोक्याचं काम सोपं केलं. हे जाहीर झालं तेव्हाही कुरकुर झालीच. पण त्यानंतर अनेक कारखान्यांनी या ठोक्याला दाद न देणारी कुलपं काढली.

जर्मनीत हॅम्बुर्गला १९९७ साली कुलूप उघडण्याला खेळ मानणाऱ्यांची संस्था निघाली. तिथं स्पर्धा होतात, घड्याळ लावून. या मंडळींचे दोन नियम मला फार आवडतात. स्वतःच्या मालकीचं नसलेलं कुलूप परवानगीशिवाय उघडायचं नाही, आणि जे कुलूप रोजच्या वापरात आहे त्यावर हात चालवायचा नाही. मामूंना हॅम्बुर्ग कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या वहीचाही नियम याच जातीचा होता.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या दाराचं काय? आपल्या वर्तमानपत्रातली घरफोडीची बातमी आठवा. तिचं वाक्य वर्षानुवर्षं ठरलेलं आहे: ‘अज्ञात चोरट्यांनी बंद घराचा कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला.’ ‘चोरट्यांनी सहा महिने अभ्यास करून कुलूप उघडलं’ अशी बातमी माझ्या तरी वाचनात नाही. चोराकडे वेळ नसतो आणि धीर तर त्याहून नसतो. तो कटावणी आणतो. कुलूप शिकून उघडणारा माणूस आणि घर फोडणारा माणूस हे बहुधा दोन वेगळे स्वभाव असतात. पहिल्याला कुलपाचं कुतूहल असतं, दुसऱ्याची नजर कपाटावर असते.

मुंबईत लालबागला अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपं करायला सुरुवात केली, तेव्हापासून चांगलं कुलूप ही आपल्या मध्यमवर्गीय घराची एक ओळख झाली आहे. आज खळीदार किल्लीची कुलपं आपल्याकडेही बनतात. ती जरूर घ्यावीत. पण घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, कुलूप भारी आणि चौकट भुसभुशीत असं नको. कुलूप दाराइतकंच मजबूत असतं आणि दार बिजागऱ्यांच्या स्क्रूंइतकं. दोन, अशा अनेक कुलपांबरोबर एक कार्ड मिळतं आणि ते दाखवल्याशिवाय कंपनीचा विक्रेता दुसरी किल्ली करून देत नाही. ते कार्ड किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवू नये. तीन, ठोक्यापासून आणि ड्रिलपासून बचावाची सोय कुलपात आहे का, हे दुकानदाराला विचारावं. विचारायला लाजू नये. ब्रॅमांच्या खिडकीतल्या कुलपालाही साठ वर्षं कुणी नीट विचारलं नव्हतं.

आणखी एक सांगतो. या कार्डामुळे झाडाखालचा चावीवाला हळूहळू उठून चालला आहे. नव्या किल्लीची नक्कल त्याच्या कानशीनं होत नाही, त्यासाठी यंत्र लागतं आणि यंत्राला दोन पैसे गाठीला लागतात. सुरक्षिततेच्या दृष्टीनं हे योग्यच आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण वारा येऊन दार धाडकन लागतं, आत गॅसवर दूध असतं आणि पाळण्यात मूल असतं, तेव्हा कार्ड काही जिना चढून येत नाही. तेव्हा ज्याला उघडता येतं असा माणूस लागतो. तो आपल्या ओळखीचा असावा. त्याचं नाव आपल्याला ठाऊक असावं. आल्यावर त्यानं दोन शेजाऱ्यांच्या सह्या मागितल्या तर रागावू नये. तो आपला वेळ घालवत नसतो, आपल्या घराची राखण करत असतो.

कुठलंही कुलूप आपल्याला विकतं तो वेळ. साधं कुलूप पाच मिनिटं विकतं, चांगलं कुलूप पाच तास. त्या वेळात शेजारी जागा होईल, हाक मारेल, धावत येईल, हा भरवसा कुठल्याही कारखान्यात तयार होत नाही. तो आपला आपण घडवायचा असतो, आणि त्याची नक्कल कुठल्याच यंत्रावर निघत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)